सोवळे सुटताना : ‘स्मृतिचित्रे’ आणि श्रद्धेची प्रौढता

दृढीकरणाचा विधी आटोपला, नोंदवहीत नावे चढली, की धर्मशिक्षण संपले असे आपल्या अनेक घरांत मानले जाते. आम्हा धर्मगुरूंनाही ती भरलेली पाने पाहून समाधान वाटते. परंतु श्रद्धा वयात येते ती केव्हा? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची भाषा सर्वांनीच वाखाणली आहे; त्यातील श्रद्धेच्या वाढीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे त्यांच्याबरोबरच आले. ज्या घरात त्या वाढल्या, तेथे वडिलांच्या सोवळ्याला सीमाच नव्हती. एवढा खोल रुजलेला संस्कार पतीच्या युक्तिवादाने सुटणार नव्हता. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारला. तो माणसाचाच खेळ आहे अशी खात्री पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला.

हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी अंधार, नंतर एकदम उजेड, असा साचा धर्मांतराच्या कहाण्यांत नेहमी आढळतो. लक्ष्मीबाई तो नाकारतात. बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा तापटपणा आणि हातचे राखून न ठेवणारे औदार्य तसेच राहते. घरातील खटकेही थांबत नाहीत. बाई हे काहीच झाकत नाहीत. स्वतःची फजिती त्या हसत हसत सांगतात, पण त्या हसण्यात कोणाविषयी कडवटपणा नसतो. करिंथकरांना लिहिताना संत पौलाने दुधावरची बालके आणि जड अन्न पचविणारी माणसे असा भेद केला आहे. स्वतःच्या चुकांकडे असे निर्मळपणे पाहता येणे, हे त्या जड अन्नाचेच लक्षण होय.

ग्रंथाला मर्यादा आहे. प्रार्थना आणि अंतरीचा देवाशी संवाद यांविषयी लेखिका फारच थोडे बोलते. धर्मतत्त्वांचे विवेचन शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. तथापि जे स्वयंपाकघरात उतरले नाही ते अंतःकरणात उतरले असे कसे म्हणावे, हा प्रश्न हे मौनच आपल्याला विचारते.

टिळक कुटुंब प्रोटेस्टंट, म्हणून काही वाचक संकोचतील. विभक्त बंधूंच्या ठायी असलेले ख्रिस्ताचे धन आनंदाने ओळखावे, अशी द्वितीय व्हॅटिकन परिषदेची १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशातील शिकवण आहे.

आणि येथे आम्हाला थोडे कठोर बोलले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या स्नानसंस्कार घेत आलेली आपली घरे सोयरीक जुळविताना अजूनही जात विचारतात. लक्ष्मीबाईंचे सोवळे बाप्तिस्म्याच्या आधी सुटले; आपले त्याच्यानंतरही सुटलेले नाही. वेदीवरून आम्हीही याविषयी जपूनच बोलत आलो, हा आमचा दोष आम्ही कबूल करतो. यंदा दृढीकरणाच्या तयारीत मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांनीही ‘स्मृतिचित्रे’तील ते प्रकरण वाचावे. आम्हीही त्यांच्यात बसून ते वाचू.