टेकलेला गुडघा

एखाद्याला कोण आवडते हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. का आवडते हे विचारले म्हणजे तो बोलू लागतो, आणि बोलता बोलता आपल्या नायकापेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगून जातो. कादंबरीच्या वाचकाच्या बाबतीत हे खरे आहे, गाण्याच्या रसिकाच्या बाबतीत खरे आहे. मुष्टियुद्धाच्या शौकिनाच्या बाबतीत तर सर्वांहून अधिक खरे आहे. कादंबरी आवडली नाही तर मिटून ठेवता येते. पण दोन माणसे एकमेकांना मारीत असताना आपण जागचे हललो नाही, तर का हललो नाही याचा जबाब केव्हा तरी द्यावा लागतोच.

मी या खेळातला पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढचे जे काही आले ते वर्गातल्या मुलांकडून आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता. तरीही गेली काही वर्षे मुष्टियुद्ध मी पाहतो, आणि त्याहून अधिक गोडीने त्याच्या शौकिनांची भांडणे ऐकतो. ती ऐकताना मला आपल्या साहित्यातला फडके-खांडेकरांचा वाद आठवतो. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? आपण तो वाद शिळा समजून फडताळात ठेवून दिला. मुष्टियुद्धाच्या शौकिनांत मात्र तो अजून ताजा आहे. त्यांच्यातही असे दोन पक्ष आहेत, आणि आपला पक्ष कोणता हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

कलापक्षाचे दैवत म्हणजे जपानचा नाओया इनोउए. कानागावा प्रांतातल्या झामा गावी १९९३ साली जन्मलेला हा लहानखुरा माणूस. बाप हाच त्याचा गुरू. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने बँटमवेट गटातले चारही जागतिक पट्टे एकत्र केले, आणि बरोबर एका वर्षाने त्याच्या वरच्या गटातलेही. पण त्याचा खरा चाहता पट्ट्यांचा हिशेब सांगत नाही. तो त्याचा बरगड्यांखाली यकृतावर बसणारा डावा ठोसा सांगतो. या ठोशाची गंमत अशी, की तो बसतो आणि क्षणभर काहीच होत नाही. मार खाणारा एखादे पाऊल टाकतो, आणि मग त्याचे शरीर आपण होऊन खाली बसते. कारण आणि कार्य यांच्यामधला तो एक क्षण पाहण्यासाठी हे लोक तासन्‌तास जागतात.

याच पक्षाचा दुसरा मानकरी अमेरिकेतल्या ओमाहा शहरचा टेरेन्स क्रॉफर्ड. जन्माने उजव्या हाताचा, पण मनात येईल तेव्हा डावखुरा होऊन लढणारा. पहिल्या एकदोन फेऱ्यांत तो फारसे काही करीत नाही. मैफलीच्या आरंभी गवई स्वर लावून पाहतो, तसा समोरच्याचा अंदाज घेत राहतो. जुलै २०२३ मध्ये त्याच्यापुढे आला तेव्हा एरॉल स्पेन्स अजिंक्य होता. क्रॉफर्डने त्याला तीनदा खाली पाडले आणि नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. शौकिनांच्या तोंडी त्या पाडण्याइतकेच त्याआधीच्या शांत मिनिटांचे कौतुक असते. या रसिकतेविषयी मला आदर आहे. ज्याला तयारी दिसते त्यालाच कला दिसते.

जीवनपक्षाचा नायक युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा, १९८७ चा जन्म, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला सुवर्णपदकविजेता. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने लंडनमध्ये अँथनी जोशुआला हरवले आणि हेवीवेट गटात पाय रोवला. पुढे पाच महिन्यांत त्याच्या देशावर रशियाचे आक्रमण झाले. उसिक मायदेशी परतला आणि कीव्हच्या संरक्षक दलात दाखल झाला. पुढे इस्पितळातल्या जखमी सैनिकांनीच आपल्याला लढायला जा म्हणून सांगितले, असे त्याने म्हटले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दा येथे जोशुआशी पुन्हा गाठ पडली. नवव्या फेरीत त्याला एवढा मार पडला की सारे संपले असे वाटावे. दहाव्या फेरीत तोच मारीत सुटला आणि गुणांवर जिंकला. मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीपुढे तो उभा राहिला. फ्युरी सहा फूट नऊ इंच, हा सहा फूट तीन इंच. मधल्या फेऱ्यांत फ्युरी वरचढ ठरला. नवव्या फेरीत उसिकने त्याला दोरांवर असे झोकांड्या खायला लावले की पंचांना आकडे मोजावे लागले. १९९९ सालच्या लेनक्स लुइसनंतर हेवीवेट गटाला प्रथमच एकच निर्विवाद विजेता मिळाला. उसिकचा चाहता हे सारे सांगतो, पण सांगताना त्याचा आवाज ठोशाच्या वर्णनाला नव्हे, त्या इस्पितळाच्या उल्लेखाला हलतो.

आयर्लंडची केटी टेलर याच वर्गात बसते. ती वाढत होती तेव्हा तिच्या देशात मुलींच्या मुष्टियुद्धाला मान्यताच नव्हती. २०१२ मध्ये ऑलिंपिकने स्त्रियांना प्रथम या खेळाचे दार उघडले. त्याच स्पर्धेत आपल्या मेरी कोमने कांस्यपदक मिळवले आणि टेलरने तिच्या वजनगटातले सुवर्णपदक. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेलर आणि प्वेर्तो रिकोची अमांडा सेरानो लढल्या. त्या सभागृहात स्त्रियांची लढत दिवसाची मुख्य लढत होण्याची ती पहिली वेळ. पाचव्या फेरीत टेलर आता कोसळणार असे वाटत होते. ती कोसळली नाही. तिच्या चाहत्यांना तिच्यात ठोसा दिसत नाही, वाट दिसते.

इथपर्यंत दोन्ही पक्षांचे म्हणणे मला पटते. वाद मुळात खोटा आहे असेही वाटते, कारण जेद्दाच्या दहाव्या फेरीत कला कुठे संपली आणि जीवन कुठे सुरू झाले हे कोण सांगणार? पण एका ठिकाणी दोन्ही पक्षांचे नाणे बद वाजते, आणि त्या ठिकाणासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आपल्या भाषेत गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल झाला. पुढे विचाराला जागा नाही. मुष्टियुद्धाचा नियम निराळा आहे. तिथे गुडघा टेकला की पंच आकडे मोजू लागतो, आणि मार खाल्लेल्या माणसाला दहापर्यंत अवधी मिळतो. त्या अवधीत त्याला कोणी मारू शकत नाही. साऱ्या लढतीत विचारासाठी म्हणून राखून ठेवलेली एवढीच जागा.

६ मे २०२४ रोजी तोक्यो डोममध्ये मेक्सिकोच्या लुइस नेरीने इनोउएला पहिल्याच फेरीत डाव्या हुकने खाली पाडले. व्यावसायिक आयुष्यात तो प्रथमच पडत होता, आणि तेही चाळीस हजारांहून अधिक स्वदेशीयांसमोर. कोणीही अशा वेळी शरमेने ताडकन उठला असता. इनोउए उठला नाही. एक गुडघा टेकून तो आठ आकडे होईपर्यंत शांत बसून राहिला, आणि मग उठला. दुसऱ्या फेरीत त्याने नेरीला पाडले, पाचव्या फेरीत पुन्हा पाडले, सहाव्या फेरीत संपवले. त्या आठ आकड्यांचे कौतुक करताना शौकीन थकत नाहीत, आणि ते कौतुक योग्यच आहे. अपमानाच्या क्षणी स्वतःला वेळ देणे हे कोणत्याही ठोशाहून अवघड.

आता दुसरा गुडघा पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये लंडनला डॅनिएल दुबुआ हा तेवीस वर्षांचा इंग्रज तरुण जो जॉइसशी लढत होता. जॉइसचे सरळ डावे ठोसे एकाच डोळ्यावर बसत होते आणि तो डोळा पार मिटला होता. दहाव्या फेरीत आणखी एक ठोसा बसला. दुबुआने गुडघा टेकला आणि दहा आकडे पुरे होऊ दिले. डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते असे नंतर उघड झाले. तरीही त्याला भेकड म्हणणाऱ्यांत प्रेक्षक होते, तसे नावाजलेले माजी मुष्टियोद्धेही होते.

आणि याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, तेच हाड इनोउएचे मोडले होते. नोनितो डोनेअरने दुसऱ्या फेरीत ते मोडले. एकाच्या जागी दोन डोनेअर दिसत असताना इनोउए उरलेल्या दहा फेऱ्या लढला आणि जिंकला. रिंग मासिकाने ती त्या वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवली. एकाच जखमेचे हे दोन निवाडे. एकाला गौरव, दुसऱ्याला तुच्छता.

एक उठला आणि एक उठला नाही, हा फरक मला दिसतो. तो लहान आहे असेही मी म्हणत नाही. पण दोन्ही गुडघ्यांमागची बुद्धी एकच होती. दोघांनीही गर्दीचे न ऐकता स्वतःच्या शरीराचे ऐकले. एका शरीराने आठपर्यंत थांब म्हणून सांगितले, दुसऱ्याने आज पुरे म्हणून सांगितले. तोक्योतले थांबणे आपल्याला शहाणपणाचे वाटते, कारण त्याच्या शेवटी विजय आहे. म्हणजे आपण धैर्य मोजतो असे म्हणतो आणि प्रत्यक्षात शेवट मोजतो. माझ्या वर्गातला मुलगा गोष्ट न वाचता शेवटचे पान उघडतो तेव्हा मी त्याला रागावतो. मोठ्या माणसांची ही खोड मात्र रसिकता म्हणून खपते. सप्टेंबर २०२४ मध्ये वेंब्लीच्या मैदानावर याच दुबुआने जोशुआला पाचव्या फेरीत लोळवले, तेव्हा त्याच्या धैर्याची वाहवा झाली. जुलै २०२५ मध्ये त्याच मैदानावर उसिकने त्याला पाचव्याच फेरीत लोळवले. दुबुआ तिन्ही वेळा तोच माणूस होता.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही कादंबरीकार, तुम्हाला हळवेपणाची सवय; हा खेळच सहन करण्याचा आहे. कादंबरीकार म्हणून माझे उत्तर असे. मी माझ्या नायकाला पानोपानी छळू शकतो, कारण पुस्तक मिटले की त्याला काहीच झालेले नसते. या नायकांना होते. १९८२ साली लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढलेला कोरियाचा दुक-कू किम दगावला. त्यानंतर जागतिक लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच दिवसाच्या लढतींत डोक्याला मार लागून दोन तरुण मुष्टियोद्धे मरण पावले. त्यांतला एक शेवटपर्यंत उभा राहिला होता. गुडघा न टेकण्याची ही किंमत कोणाच्या तरी घरी दिली जाते, आणि भेकड हा शब्द उच्चारणाऱ्याला ती कधीच द्यावी लागत नाही.

म्हणून हा खेळ पाहू नये असे मी म्हणत नाही. मी पाहतो, पुढेही पाहीन. मला एवढेच म्हणायचे आहे, की ज्याचे ऋण मोठे त्याच्याविषयीची टीका काटेकोर हवी. आणि शौकिनांच्या अंतःकरणात ती कसोटी मुळीच नाही असेही नाही. सेरानो टेलरकडून तीनदा हरली. २०२४ सालच्या दुसऱ्या लढतीत तिन्ही गुणपंचांनी तिला एका गुणाने मागे ठेवले. तरी तिच्यावर जीव टाकणारे कमी नाहीत. इनोउएने २०१९ मध्ये आपण जिंकलेला चषक एका रात्रीपुरता हरलेल्या डोनेअरला दिला, कारण त्याने आपल्या मुलांना तो दाखवण्याचा शब्द दिला होता. ही हकीकत सांगताना भांडकुदळ शौकीनही मऊ होतात. पट्टा आणि आकडा यांच्या पलीकडचे पाहता येते याचा हा पुरावा आहे.

या पाहण्याची खरी परीक्षा घेतली ती क्रॉफर्डने. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गट वर चढून त्याने लास व्हेगासमध्ये सत्तर हजारांसमोर कानेलो आल्वारेझला गुणांवर हरवले आणि तीन वजनगटांत चारही पट्टे एकत्र करणारा तो पहिला पुरुष ठरला. डिसेंबरमध्ये, बेचाळीस लढतींत एकदाही न हरता, अडतिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. माझ्या ओळखीचे काही शौकीन हिरमुसले. आणखी एक तरी लढत हवी होती, म्हणाले. त्यांचे दुःख मला समजते. चांगली कादंबरी संपताना मलाही तसेच होते. पण ज्याच्यावर आपले प्रेम आहे तो माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या शुद्धीत, रिंगणाबाहेर गेला. दोरांच्या आत नव्हे, बाहेर, कोणी आकडे मोजत नसताना त्याने स्वतःशीच पुरे म्हटले. त्या पाऊल बाहेर टाकण्यालाही ज्याच्याकडून ठोशाइतकीच दाद जाते, त्याच्या आवडीवर माझा विश्वास बसतो.