सौर चार्जर आणि हरवलेला गुणाकार

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प वर्षानुवर्षे हमखास भेटतो. पुठ्ठ्याचे किंवा थर्माकोलचे घर, त्याच्या छपरावर वहीच्या पानाहून लहान सौर पॅनेल, आत एक बॅटरी आणि त्या बॅटरीवर लागणारा दिवा. अलीकडे दिव्याच्या जागी मोबाइल असतो, एवढाच फरक. शेजारच्या तक्त्यावर सौरऊर्जा फुकट आहे, अक्षय आहे, प्रदूषणमुक्त आहे, अशी तीन वाक्ये ठळक अक्षरांत लिहिलेली असतात. ढोबळमानाने तिन्ही खरी आहेत. पण हे पॅनेल ही बॅटरी किती दिवसांत भरते, हा आकडा मात्र तक्त्यावर नसतो. माझा आक्षेप त्या न लिहिलेल्या आकड्याबद्दल आहे.

आकडा नसला म्हणून काय बिघडले, मुलांचा उत्साह महत्त्वाचा, असे म्हणणारे शिक्षक आणि परीक्षक मला भेटले आहेत. परंतु तो आकडा काढण्यासाठी लागणारे सगळे साहित्य दहावीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात असते. २०१८ साली आलेल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात (भाग २) हरित ऊर्जेच्या पाठात सांगितले आहे, की सिलिकॉनच्या सौर घटाच्या एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळापासून सुमारे ३० मिलीअँपिअर विद्युतधारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते. या दोहोंचा गुणाकार १५ मिलीवॉट. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात तेवढ्याच जागेवर सुमारे १०० मिलीवॉट सूर्यप्रकाश पडतो, म्हणजे कार्यक्षमता १५ टक्के झाली. आजचे चांगले घट २० टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. तरीही लहान, स्वस्त पॅनेलसाठी १५ हाच आकडा धरलेला बरा, कारण त्यांची बरीच जागा कडेच्या पट्टीत आणि घटांमधल्या फटींत वाया जाते.

हा गुणाकार आता बाजारातल्या वस्तूला लावून पाहू. पाठीवर सौर पॅनेल असलेली ‘सौर पॉवर बँक’ आपण पाहिली असेल. पॅनेल साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ९८ चौरस सेंटिमीटर. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्यापासून भर उन्हात सुमारे दीड वॉट शक्ती मिळेल. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी घेतली तर दर चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ किलोवॉट-तास ऊर्जा पडते. म्हणजेच दिवसभराचे कमी-जास्त ऊन एकत्र केले, तर ते पाच तासांच्या भर उन्हाइतके होते. दीड गुणिले पाच, म्हणजे साडेसात वॉट-तास. चार्जिंगमध्ये पाव भाग उष्णतेच्या रूपाने गेला असे धरले, तर दिवसाकाठी साडेपाच वॉट-तास बॅटरीत जमा होतील. डब्यावर लिहिलेले असते १०,००० मिलीअँपिअर-तास. आतल्या लिथियम सेलचे विभवांतर ३.७ व्होल्ट, म्हणून साठा ३७ वॉट-तास. भागाकार केला की उत्तर येते सुमारे सात दिवस. डबा २०,००० चा असेल तर दोन आठवडे. हे निरभ्र आकाश आणि सूर्याकडे नीट वळवलेले पॅनेल गृहीत धरून. श्रावणात किती दिवस लागतील, ते विचारूच नये.

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी साठ्याचा आकडा मोठ्या टाइपात असतो आणि पॅनेलच्या वॉटचा आकडा बारीक टाइपात, किंवा नसतोच. यात खोटे काही लिहिलेले नसते. शिवाय एक आकडा मिलीअँपिअर-तासांत आणि दुसरा वॉटमध्ये दिला, की ग्राहकाच्या मनात त्यांची तुलनाच होत नाही. मिलीअँपिअर-तास हे ऊर्जेचे एकक नव्हे. त्याला व्होल्टने गुणल्याशिवाय ऊर्जा कळत नाही. आठवी-नववीच्या वर्गात विद्युतशक्ती शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडले, तर पुस्तकातल्या इस्त्रीच्या आणि गिझरच्या गणितांपेक्षा मुले त्यात जास्त रमतील, असे मला वाटते.

या वस्तूच्या रचनेत आणखी एक मूलभूत विसंगती आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पॅनेलला ऊन हवे, सेलला सावली हवी, आणि दोघांना एकाच डब्यात कोंडलेले आहे. उन्हात ठेवलेले पॅनेल भोवतालच्या हवेपेक्षा सहज २५ ते ३० अंशांनी तापते. हवा ३५ अंशांवर असली तर पॅनेल ६० च्या पुढे जाते आणि त्याला पाठ चिकटवून बसलेला सेलही त्याच वाटेने जातो. लिथियम सेलचे चार्जिंग साधारणपणे ४५ अंशांच्या आत व्हावे, असे सांगितलेले असते. जास्त तापमानात त्याचे आयुष्य झपाट्याने घटते आणि धोकाही वाढतो. आपल्याकडच्या जुन्या सौर कंदिलांचा विचार याहून सरळ होता. कंदील घरात, पॅनेल छपरावर आणि मध्ये लांब वायर.

त्या कंदिलाचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा कार्यक्रमातून जो सौर कंदील अनेक वर्षे गावोगावी गेला, त्याचे पॅनेल १० वॉटचे, बॅटरी १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची, दिवा ७ वॉटचा सीएफएल. पॅनेलची दिवसाची कमाई ५० वॉट-तास. तूट वजा जाता तीस-बत्तीस उरतात. दिवा रोज चार तास लावला तर खर्च २८. बॅटरीचा साठा ८४, म्हणजे ढगाळ हवामानात तीन संध्याकाळींची बेगमी. पॅनेल रोजच्या खर्चावरून बेतलेले आहे आणि बॅटरी ढगाळ दिवसांवरून. असे कंदील पुढे अनेक ठिकाणी बंद पडले हे खरे. पण बॅटरी बदलणे आणि दुरुस्ती हा वेगळा प्रश्न आहे. गणित करूनच ही वस्तू बनवलेली होती, हे मान्य करावे लागते.

लहान पॅनेल म्हणजे खेळणे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेचा ‘व्हॅनगार्ड-१’ उपग्रह मार्च १९५८ मध्ये अवकाशात गेला, तेव्हा त्यात दोन प्रक्षेपक होते. रासायनिक बॅटरीवर चालणारा जून १९५८ मध्ये बंद पडला. सहा लहानशा सौर घटांवर चालणारा १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. त्याची शक्ती अवघी ५ मिलीवॉट होती. आपले दीड वॉटचे पॅनेलसुद्धा एक वॉटचा एलईडी दिवा रोज चार-पाच तास बिनतक्रार चालवील. तेच पॅनेल अभ्यासाच्या दिव्याला पुरेसे आणि पॉवर बँकेला हास्यास्पद ठरते. फरक पॅनेलमध्ये नसून त्याला जोडलेल्या मागणीत आहे आणि विद्यार्थ्याने शिकायचे ते नेमके हेच आहे.

आता पुन्हा प्रदर्शनाकडे वळू. एका ठिकाणी प्रकल्प सभागृहात, ट्यूबलाइटखाली मांडलेला होता. ‘पॅनेल चालू आहे का?’ असे विचारताच मुलांनी मल्टिमीटर लावून साडेचार व्होल्ट दाखवले आणि परीक्षकांनी मान डोलावली. ही फसगत अगदी नेहमीची आहे. पॅनेलला काहीही जोडलेले नसताना मिळणारे विभवांतर प्रकाश कमी झाल्यावर फारच हळू उतरते, धारा मात्र प्रकाशाच्या प्रमाणात उतरते. वर्गखोलीत जेमतेम काहीशे लक्स प्रकाश असतो, उन्हात लाखभर. बारा घटांचे जे पॅनेल उन्हात २४० मिलीअँपिअर देते, ते ट्यूबलाइटखाली एक मिलीअँपिअरसुद्धा देत नाही. मुलांचा दिवा घरून भरून आणलेल्या बॅटरीवर लागला होता. मुलांचा त्यात लबाडीचा हेतू नव्हता. व्होल्ट दिसले म्हणजे वीज आली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण तेथे मान डोलावणाऱ्या मोठ्यांनी ते पक्के केले. ज्या घरात भारनियमनामुळे अशा दिव्याची खरोखर गरज आहे, तेथे तो दिवा तिसऱ्या रात्री मंदावला, की मूल ‘सौरऊर्जा काही खरी नाही’ एवढेच शिकते. हे नुकसान बक्षीस हुकण्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

शाळेत हा प्रयोग करायचा तर लिथियम सेल वापरू नयेत. ४.२ व्होल्टच्या पुढे त्यांना भरणे धोक्याचे असते आणि पॅनेल थेट जोडले तर ते रोखणारे कोणी नसते. २,००० मिलीअँपिअर-तासांचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल एकसरीत घ्यावेत. ते भरताना प्रत्येकी सुमारे १.४५ व्होल्ट घेतात, म्हणजे २.९, रात्री सेलमधील धारा उलटी पॅनेलमध्ये जाऊ नये म्हणून लावलेला शॉट्की डायोड ०.३ खातो. एकूण ३.२ व्होल्ट झाले. तीन व्होल्टचे पॅनेल येथे कमी पडेल. आठ घटांचे, चार व्होल्टचे हवे. घट ६० अंशांपर्यंत तापला तर दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्ट गमावतो, आठांचे मिळून अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त, तरी ३.४ उरतात. धारा १०० मिलीअँपिअर असली तर दिवसाला ५०० मिलीअँपिअर-तास होतात आणि चार्जिंगमधली तूट धरून पाच ते सहा दिवस लागतात. इतक्या मंद धारेने हे सेल थोडे जास्त भरले गेले तरी सहसा बिघडत नाहीत.

हा अंदाज विद्यार्थ्यांनी जोडणीच्या आधी तक्त्यावर लिहावा आणि शेजारी रोजच्या धारेची नोंद ठेवावी. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, अशा तीन वेळा पुरेत. अंदाज चुकला तर फारच उत्तम. मग एका घटावर बोटाची सावली पडली तरी सगळी धारा का कोसळते, इथपर्यंत चौकशी पोहोचते. तालुक्याची प्रदर्शने बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. दिवाळीच्या सुटीनंतर लगेच जोडणी केली, तर तोवर दोन-तीन वेळा सेल भरून आणि रिकामे करून पाहता येतील.