‘गाळणे’ आणि ‘आटवणे’ : मूत्रपिंडाच्या वर्णनातील दोन रूपके

मूत्रपिंडाचे कार्य मराठीत सांगताना ‘मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी’ हे वाक्य जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. रूपक सुबोध आहे, यात शंका नाही. परंतु ते विषयाला कितपत न्याय देते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘गाळणे’ या क्रियापदात एक घरगुती व्यवहार गृहीत धरलेला असतो. खाली उतरलेला चहा घ्यावयाचा, वर उरलेला चोथा टाकावयाचा. केशिकागुच्छात नेमके याच्या उलट घडते. वर राहतात त्या रक्तपेशी व प्रथिने. ती तर शरीराला हवीच असतात. खाली उतरतो तो द्रवही निव्वळ मल नव्हे; त्यात युरियाबरोबर पाणी, क्षार व शर्करा असतात. प्रौढ माणसात असा द्रव दिवसाला सुमारे १८० लिटर उतरतो आणि मूत्र होते दीड लिटरच्या आसपास. सुमारे ९९ टक्के पाणी नलिका परत घेतात. म्हणजे खरी निवड जाळीपाशी नव्हे, तर तिच्यापुढे होते. १८४० नंतरच्या दशकात कार्ल लुडविग याने मांडलेल्या उपपत्तीतही गाळण्याच्या जोडीला पाणी परत शोषले जाण्याची कल्पना होती. रूपकाने तिचा पूर्वार्ध तेवढा उचलला.

‘मूत्र आटवले जाते’ हा प्रयोगही असाच फसवा आहे. दूध आटते ते उष्णतेने. हेन्लेच्या पाशाची चढती भुजा मीठ बाहेर टाकते, पाणी मात्र जाऊ देत नाही. दोन्ही भुजांतील प्रवाह परस्परविरुद्ध असल्यामुळे मूत्रपिंडाचा अंतर्भाग उत्तरोत्तर खारट होत जातो आणि तेथून जाणाऱ्या संग्राहक नलिकेतील पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते. व्हेर्नर कून व त्याचे सहकारी यांनी १९५१ साली या उपपत्तीस प्रायोगिक आधार दिला.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. मधुमेही व्यक्तीच्या मूत्रात शर्करा आढळली की ‘गाळणी फाटली’ असे अनुमान या रूपकातून सहज निघते. वस्तुतः शर्करा निरोगी माणसातही गाळली जातेच. रक्तातील तिचे प्रमाण फार वाढले म्हणजे नलिकांची ती परत घेण्याची शक्ती अपुरी पडते. उलट, मूत्रातून प्रथिने मोठ्या प्रमाणात जाऊ लागली, तर दोष बहुधा जाळीचाच असतो, आणि तेथे हे रूपक सार्थ ठरते.

तात्पर्य, ‘गाळणी’ सर्वथा त्याज्य नाही. पाठ्यलेखकांनी ‘गाळणे’ या क्रियापदापाशी न थांबता ‘परत घेणे’ हे दुसरे क्रियापद त्याच वाक्यात योजावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.