दगडूला घरात घ्या

आत्मशोध हा शब्द आपल्याकडं फार स्वस्त झालाय. बुवा सांगतो, डोळे मिटा, आत बघा, शांती मिळेल. पोट भरलेल्यानं आत बघितलं तर त्याला आत्मा दिसतो. आपण बघितलं तर काय दिसतं? हे दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहून सांगितलं.

या पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघं एकच. एक महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला; दुसरा शिकलेला, नोकरदार, कवी. शिकलेल्याला दगडूची लाज वाटते. पण लेखक त्याला हाकलून देत नाही, धुऊनपुसून देवही करत नाही. समोर बसवतो, ऐकून घेतो. याला मी आत बघणं म्हणतो.

शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असंच ठेवावं, असं मनुस्मृती सांगते. ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. कागद जळला, लाज मनात राहिली. ती आपली नाही, वरून लादलेली आहे, एवढं कळलं तरी माणूस ताठ उभा राहतो.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला रेल्वेतला गडी खोलीसाठी जात लपवतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. आज जिनिंगमध्ये नवा गडी आला की डबा उघडायच्या आधी आडनाव विचारतात. पोरं गावाचं नाव सांगून वेळ मारून नेतात. त्यांना मी दोष देत नाही, पोटाचा सवाल आहे. पण रात्री स्वतःशी तरी खरं बोलावं. तिथंही चोरी झाली तर माणूस संपला.

'बलुतं' आलं तेव्हा आपल्यातलेच काही शिकलेले चिडले. आपली घाण चव्हाट्यावर कशाला, म्हणाले. मला हे पटत नाही. घाण कोणी टाकली हे सांगितल्याशिवाय ती निघणार कशी? माझी तक्रार दुसरीच आहे. दगडूनं स्वतःचं सांगितलं, पण त्याच्या भोवतीच्या बायांना स्वतः बोलायला जागा थोडी. ती बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'मध्ये सापडते. तिथं बाई घरच्या धन्यालाही आरसा दाखवते. कार्यकर्त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

गंगाखेडची जनाबाई आपल्याच परभणी जिल्ह्यातली. तिनंही जात्यावर बसून आत बघितलं. विठ्ठल दळू लागला, असं लोक सांगतात. पण दुसऱ्या दिवशी दळण पुन्हा तिच्याच वाट्याला! आपल्याला एवढ्यावर भागणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लोकांनी मन बदललं आणि धर्मही बदलला. आतलं आणि बाहेरचं एकदम. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाड्यात आपली घरं जळाली. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. एका नावासाठी एवढं सोसलेल्या मातीत आपण आपलं नाव दबक्या आवाजात कामून सांगायचं?

दगडूला घरात घेणं म्हंजे त्याचा महारवाडा मान्य करणं नव्हे. दगडू ज्यानं ओळखला, तोच महारवाडा मोडायला उठतो. लाजणारा नुसता घर बदलतो.

दोस्तहो, पुढच्या बैठकीला 'बलुतं' आणा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवू. जयभीम.