गृह-आघाडीवरील मूल : निरागसतेच्या गृहीतकाची चिकित्सा

युद्धविषयक साहित्याच्या समीक्षेत मूल बहुधा दोन रूपांत अवतरते : युद्धाचा बळी म्हणून किंवा युद्धाचा साक्षी म्हणून. दोन्ही रूपांत त्याची निरागसता गृहीत धरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गृह-आघाडीवर, म्हणजे रणभूमीपासून दूर पण युद्धाच्या सावलीत, वाढलेल्या लेखकांच्या कादंबऱ्या या गृहीतकाची फेरतपासणी करायला लावतात. नीना बॉडेन यांची ‘कॅरीज वॉर’ (१९७३) आणि रॉबर्ट वेस्टॉल यांची ‘द मशीन गनर्स’ (१९७५) या त्या दृष्टीने महत्त्वाच्या कलाकृती होत.

१ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, ब्रिटनमधील शहरांतून ग्रामीण भागात हलविण्यात आली. बॉडेन (जन्म १९२५) स्वतः अशाच स्थलांतरात वेल्समध्ये राहिल्या होत्या. वेस्टॉल (जन्म १९२९) इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हवाई हल्ल्यांच्या काळात वाढले. या व्यवस्थेने मुलांकडून प्रौढांची शिस्त अपेक्षिली. प्रौढांचे ज्ञान मात्र त्यांना दिले नाही. जबाबदारी आणि अज्ञान यांच्या या विसंगतीतूनच दोन्ही कादंबऱ्यांचे आशयसूत्र सिद्ध होते.

वेल्समधील एका खाणगावात आश्रयाला आलेली कॅरी, इव्हान्स यांनी मृत्युपत्र दडवले अशा समजुतीने, दंतकथेने शापित ठरवलेली कवटी तळ्यात फेकते. गाव सोडताना आगगाडीतून तिला तेच घर पेटलेले दिसते. आग आपणच लावली, ही खूणगाठ ती ३० वर्षे उराशी बाळगते. येथे शत्रूचे विमान नाही, बॉम्ब नाही; तरीही शीर्षकातील युद्ध ‘कॅरीचे’ आहे. घरातली माणसे जिवंत आहेत, हे वाचकाला कॅरीच्या आधी, तिच्या मुलांसोबत कळते. प्रौढ कॅरीच्या पुनरागमनाची ही चौकट स्मरणरंजनाची नव्हे; उशिरा दिलेल्या कबुलीजबाबाची आहे.

वेस्टॉल यांच्या कादंबरीत हेच सूत्र उलट दिशेने जाते. चॅस मॅक्गिल आणि त्याचे सवंगडी कोसळलेल्या जर्मन विमानातील मशीनगन लपवतात, गुप्त तटबंदी उभारतात आणि शत्रूच्या हवाई सैनिकाला कैद करतात. त्या सहवासात ‘शत्रू’ ही संकल्पनाच ढिली पडते. गोळ्या मात्र अखेरीस मित्रपक्षाच्या पोलिश सैनिकांच्या दिशेने सुटतात. कॅरी न केलेल्या कृत्याचे ओझे वाहते. चॅसचे कृत्य खरोखर घडते. दोघांचा प्रश्न एकच : हे मी केले का?

अपराधभावावर असा भर दिल्यास युद्धाचे राजकीय वास्तव खाजगी मनोव्यापारात विरून जाते, असा आक्षेप संभवतो. तो निराधार नाही. कॅरीच्या बाबतीत तर युद्ध बराच काळ पार्श्वभूमीलाच राहते. परंतु मुलाला दोषाची जाणीव व्हावी आणि ती बोलून दाखवायला जवळ कुणी नसावे, ही परिस्थिती युद्धकालीन व्यवस्थेनेच घडवलेली आहे. राजकीय वास्तव आहे ते या एकाकीपणात.

निरागस मुलाविषयी आपल्याला करुणा वाटते. पण त्या करुणेपोटी त्याचे नैतिक कर्तेपण आपण नाकारतो. या दोन्ही कादंबऱ्या मुलाला ते परत देतात. समीक्षेनेही ते मान्य करायला हवे. अन्यथा ‘बालसाहित्य’ या कप्प्यात टाकून आपण त्यांतील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्नच टाळला, असे होईल.