ढगातले पेव

परभणीच्या मोंढ्यातील एका अडत दुकानदाराने मध्यंतरी माझ्यापुढे एक छापील तक्ता ठेवला. दुकानाच्या हिशेबपट्ट्या, काट्याच्या पावत्या आणि जीएसटीची कागदपत्रे मिळून सुमारे 200 गिगाबाइट माहिती त्यांच्या एकाच संगणकात आहे. ती ‘क्लाउड’वर कोणत्या कंपनीकडे ठेवावी, हा त्यांचा प्रश्न. तक्त्यात कंपनीचे नाव, मिळणारी जागा आणि महिन्याचे भाडे असे रकाने होते. असे तक्ते सध्या सर्वत्र फिरतात. त्यांतील आकडे खोटे नसतात. तक्रार आहे ती रकान्यांविषयी.

आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात साठवत. पेव केवढे आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. दाणा शाबूत आहे की कुजला, हे मात्र पेव उघडल्यावरच कळे. क्लाउडचे तसेच आहे. नाव ढगाचे असले तरी तो जमिनीवरच्या इमारतींत रांगेने मांडलेल्या संगणकांचा समूह असतो. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे सुरू केली. अॅमेझॉनचे मुंबई केंद्र 2016 चे आणि हैदराबादचे 2022 चे. गूगल 2017 मध्ये मुंबईत आणि 2021 मध्ये दिल्ली परिसरात आले.

तक्त्यातील पहिला दोष असा की, त्यात दोन भिन्न जातींचा माल एकाच तराजूत घातला होता. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स यांचे मुख्य काम ‘समक्रमण’ आहे. म्हणजे दुकानातील संगणकावर जे घडेल तेच दूरच्या प्रतीतही घडते. मुनीमजींनी चुकून एक कप्पा पुसला, तर तो तिकडेही पुसला जातो. एखाद्या खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या तशाच वर जातात. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी यांचा आधार असतो, पण त्याला मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल 30 दिवस राहते, व्यावसायिक वनड्राइव्हमध्ये साधारणपणे 93 दिवस. जीएसटी कायदा मात्र हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायला सांगतो. या दोन आकड्यांमधली दरी तक्त्यात कोठेच नव्हती.

अॅमेझॉनचे एस-3, मायक्रोसॉफ्टचे ब्लॉब स्टोरेज आणि गूगलचे क्लाउड स्टोरेज ही दुसरी जात: निव्वळ भांडारे. येथे ‘इतके दिवस ही फाइल कोणालाही, खुद्द मालकालाही, पुसता येऊ नये’ असे कुलूप घालता येते. पण ती चालवायला थोडा जाणकार माणूस लागतो.

दुसरा घोटाळा ‘नव्वांचा’. एस-3 ची रचना 99.999999999 टक्के टिकाऊपणासाठी केली आहे, असे अॅमेझॉन सांगते. एक कोटी फायली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एक हरवेल, असा त्याचा अर्थ. हा आकडा फाइल टिकण्याचा आहे. हवी त्या क्षणी ती हाती पडण्याचा नव्हे. त्यासाठीची हमी 99.9 टक्के आहे. महिन्याची 43,200 मिनिटे धरली, तर सुमारे 43 मिनिटे सेवा बंद राहिली तरी हमी मोडत नाही. आणि मोडली, तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. तक्त्यात या दोन्ही आकड्यांना ‘विश्वासार्हता’ असे एकच नाव दिले होते!

इतका टिकाऊपणा येतो कोठून? वर्गात सहज दाखवता येईल. एका मुलाला 7, दुसऱ्याला 5 आणि तिसऱ्याला त्यांची बेरीज 12 लिहून द्या. कोणताही एक मुलगा गैरहजर राहिला, तरी उरलेल्या दोघांवरून त्याचा आकडा काढता येतो. दोन्ही आकड्यांची पूर्ण प्रत ठेवायची तर चार मुले लागली असती. मोठी भांडारे याच तत्त्वाची अधिक गुंतागुंतीची रूपे वापरतात.

परंतु तिन्ही मुले एकाच बाकावर असतील आणि बाकच मोडला तर? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईतील इमारती वेगवेगळ्या असल्या तरी पाऊस एकच होता. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील डेजॉनच्या सरकारी संगणक केंद्राला आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची 858 टेराबाइटची साठवण जळाली आणि तिची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. मे 2024 मधला प्रसंग याहून बोधक. युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीची गूगलकडील साठवण मांडणीतील चुकीमुळे दोन्ही ठिकाणांहून एकदम पुसली गेली. निधी सावरला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीचा मोठा वाटा होता. तेव्हा अंतर केवळ मैलांचे पुरत नाही, खातेही वेगळे हवे.

आता माल बाहेर काढण्याविषयी. 200 गिगाबाइट म्हणजे 1,600 अब्ज बिट. दुकानातील जोडणी सेकंदाला खरोखर 20 मेगाबिट देत असेल, तर 80,000 सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक वेळ लागेल. (जाहिरातीतील वेग आणि मोंढ्यातील वेग यांवर एक स्वतंत्र लेख होईल.) अॅमेझॉनच्या सर्वांत स्वस्त, खोल भांडारात फाइल मागितल्यावर नेहमीच्या पद्धतीत ती हाती येण्यास 12 तासांपर्यंत लागू शकतात आणि किमान 180 दिवसांचे भाडे द्यावेच लागते. भांडारातून माहिती बाहेर नेण्यासही एका फुकट मर्यादेपलीकडे दर गिगाबाइटला आकार पडतो. कायमचे सोडून जाणाऱ्यांना तिन्ही मोठ्या कंपन्यांनी 2024 मध्ये ही आकारणी माफ केली; नित्याच्या ने-आणीस ती लागूच आहे.

मग उत्तर काय? या दुकानासाठी माझे मत असे: चालू वर्षाची कागदपत्रे समक्रमणाच्या सेवेत, कारण ती हाताळायला सोपी; जुनी वर्षे दुसऱ्या कंपनीच्या भांडारात, पुसण्यास कुलूप घालून; आणि एक डिस्क घरी. हेच दुकान नोंदणीकृत कंपनी असते, तर संगणकीय हिशेबाची रोजची प्रत भारतातीलच सर्व्हरवर ठेवण्याची अटही 2022 च्या दुरुस्तीपासून लागू झाली असती. भाड्यातील फरक एवढ्या मालासाठी किरकोळ आहे.

तक्त्यात मी एकच रकाना वाढवून दिला: ‘मागील वर्षाची एक हिशेबपट्टी परत मागवली, किती मिनिटांत उघडली?’ दुकानदारांनी दोन सेवा महिनाभर वापरून तो भरला. एकीत चार मिनिटे लागली. दुसरीत फाइल आली, पण उघडेना. ती मुळात अर्धवटच चढली होती.