आभाळातले शिलेदार

'ले शेव्हालिए द्यु स्येल' या फ्रेंच नावाला मराठीत काय म्हणावे? शब्दशः 'आकाशाचे सरदार' होईल. पण घोडा, हत्यार आणि इभ्रत या तिन्हींचा वास ज्याला आहे असा आपल्याकडचा शब्द शिलेदार. म्हणून आम्ही या चित्रपटाला 'आभाळातले शिलेदार' म्हणू. मराठेशाहीत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

जेरार पिरेस दिग्दर्शित हा मारधाडपट ९ नोव्हेंबर २००५ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात एक मिराज २००० विमान पळवले जाते. मार्शेली (बनुआ माजिमेल) आणि वालुआ (क्लोव्हिस कॉर्निलाक) हे दोन वैमानिक त्याच्या मागावर निघतात. पळवलेले मिराज एका प्रवासी विमानाच्या पोटाखाली लपून चाललेले असते. वालुआच्या जिवावर बेतते तेव्हा मार्शेली ते विमान पाडतो. पुढे चौकशी, नोकरीवर गदा, गुप्त कामगिरी, आफ्रिकेच्या शिंगाच्या टापूत शस्त्रधाऱ्यांच्या तावडीत सापडणे आणि शेवटी १४ जुलैच्या राष्ट्रीय दिनी खुद्द पॅरिसवरचे संकट, असा प्रवास होतो. कथेत दम नाही. अमुक माणूस अमुक ठिकाणी का गेला, हे विचारायला प्रेक्षकाला सवडच मिळू नये एवढ्या वेगाने ती पळते, आणि त्यातच तिचे भले आहे.

पण हवाई दृश्यांबद्दल हात आखडता घेणे अन्यायाचे होईल. संगणकावर विमाने उडवणे सोपे झालेल्या काळात पिरेस यांनी खरी विमाने उडवली. विमानाला लावायच्या इंधनटाकीत फेरफार करून तिच्यात कॅमेरे बसवले आणि ती टाकी मिराजला जोडली. त्यामुळे एक विमान दुसऱ्या विमानाकडे ज्या नजरेने पाहील, त्याच नजरेने आपण पाहतो. ढगांची किनार पंखाने कापली जाते, डोंगर उलटा होऊन डोक्यावर येतो, क्षितिज तिरपे होऊन निसटते. १९८६ च्या अमेरिकन 'टॉप गन'ची आठवण सगळे काढतात. आमच्या मते उड्डाणाच्या चित्रणात हा फ्रेंच चित्रपट त्याच्याहून सरस आहे. नुसत्या विमानांसाठी तो पुन्हा पाहावा.

मात्र ही विमाने आली कोठून? फ्रेंच हवाई दलाने ती दिली. तळही त्यांचे, उडवणारे वैमानिकही त्यांचेच. म्हणजे पडद्यावर शिलेदारी असली तरी खुद्द चित्रपट बारगीर आहे. घोडा सरकारी पागेतला. याचा अर्थ कोणी पटकथेवर दबाव आणला असा नव्हे. पण ज्याचा घोडा, त्याच्याच उंचीवरून जग दिसते. या चित्रपटात जमीन नेहमी वरून दिसते आणि खाली राहणारा माणूस एक तर दिसत नाही, किंवा बंदूक घेऊन दिसतो.

ही नजर पिरेस यांची एकट्याची नाही. चित्रपटाचे मूळ 'तांगी आणि लाव्हर्द्यूर' या चित्रकथामालेत आहे. लेखक जाँ-मिशेल शार्लिए, चित्रकार अल्बेर उदेर्झो, म्हणजे आपल्या पोरांना ठाऊक असलेल्या 'अ‍ॅस्टेरिक्स'चे चित्रकार. ऑक्टोबर १९५९ मध्ये 'पिलोत' या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात दोन्ही मालिका सुरू झाल्या. तांगी आणि लाव्हर्द्यूर हे तरुण पहिल्या कथेत विमानविद्या शिकायला जातात ते मोरोक्कोतल्या मेकनेस येथे. मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला होता, पण फ्रेंच तळ तेथे अजून होता. आणि शेजारच्या अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते. ८ फेब्रुवारी १९५८ रोजी फ्रेंच विमानांनी सीमेपलीकडच्या ट्युनिशियातल्या साकिएत सिदी युसुफ या गावावर बाँब टाकले. सत्तरच्या आसपास माणसे मेली, त्यांत शाळेतली मुले होती. हे घडल्यानंतर दीड-दोन वर्षांतच फ्रेंच मुलांच्या हाती आकाशातल्या सरदारांची ही गोष्ट पडली. मगरिबची भूमी तिच्यात आहे, ती धावपट्टी म्हणून.

आता प्रदर्शनाच्या तारखेकडे पुन्हा पाहावे. २७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसच्या उपनगरात, क्लिशी-सू-बुआ येथे, झियेद बेना (वय १७) आणि बुना त्राओरे (वय १५) ही दोन मुले पोलिसांना चुकवताना विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि विजेचा धक्का बसून मेली. रमजानचा महिना होता. फुटबॉल खेळून इफ्तारसाठी ती घरी निघाली होती. त्यानंतर उपनगरे आठवडेच्या आठवडे जळत राहिली. ८ नोव्हेंबरला सरकारने आणीबाणी जाहीर केली. कायदा वापरला तो ३ एप्रिल १९५५ चा, अल्जीरियातला उठाव मोडण्यासाठी केलेला. आणि दुसऱ्या दिवशी 'आभाळातले शिलेदार' चित्रपटगृहांत आला.

हा योगायोग आहे. पिरेस यांच्यावर त्याचा आळ घालता येणार नाही. पण समीक्षकाने योगायोगाकडे डोळेझाक करावी असेही कोठे लिहिलेले नाही. वर सरदार वाळवंटातल्या शत्रूशी झुंजताहेत आणि खाली क्लिशीची मुले आपण फ्रेंच आहोत हे ओरडून सांगताहेत. चित्रपटाच्या प्रमुख वैमानिकांत अशा एखाद्या घरातला मुलगा असता तर काय बिघडले असते? बायकांसाठी ते दार उघडले आहे. फ्रान्सला पहिली महिला लढाऊ वैमानिक १९९९ मध्ये कारोलिन एगल यांच्या रूपाने मिळाली आणि चित्रपटाने ती दखल घेऊन आलिस तालिओनीला मिराजमध्ये बसवले (काही प्रसंगांत तिच्या धैर्यापेक्षा देहावर कॅमेरा जास्त रेंगाळतो, तो भाग वेगळा). म्हणजे काळ बदलल्याचे लेखकांना कळत होते. एका दारापुरते कळत होते.

गंमत अशी, की पिरेस यांनीच १९९८ च्या 'टॅक्सी'त मार्सेयच्या रस्त्यांवर असाच वेग सामी नासेरी या नटाच्या हाती दिला होता. नासेरीचे वडील अल्जीरियन. चित्रपट धो धो चालला. पण पात्राचे नाव काय? दानिएल मोरालेस. चेहरा चालला, वेग चालला, नाव चालले नाही. आपल्याकडचे दिलीपकुमार आणि मीनाकुमारी ज्यांना आठवतात त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता आमच्या बाजूचे थोडे. मिराज २००० आपल्याला परके नाही. १९८५ पासून ते भारतीय हवाई दलात आहे, ग्वाल्हेर हा त्याचा तळ. १९९९ च्या कारगिल युद्धात याच विमानांनी कामगिरी बजावली. पडद्यावर ज्या रस्त्यावर शेवटचे संकट घोंगावते, त्याच शाँझेलिझेवरून १४ जुलै २००९ च्या संचलनात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान चालत गेले. त्यामुळे मिराज उडते तेव्हा आमची पोरे सहजच वैमानिकाच्या जागी जाऊन बसतात. हा त्यांचा हक्क आहे. अडचण होते ती कॅमेरा आफ्रिकेच्या शिंगावर उतरतो तेव्हा. जिबुती याच टापूत आहे, १९७७ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात असलेला, मुस्लिम वस्तीचा देश. चित्रपटाला तेथली उन्हे आणि वाळू दिसते. तेथल्या कोणाचे एखादे वाक्य, एखादे घर आमच्या लक्षात राहिले नाही. ज्याच्यावर गोळी झाडायची त्याचा पेहराव ओळखीचा निघतो आणि आत्तापर्यंत मिराजमध्ये बसलेला प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागतो. टाळी वाजवावी की नाही? बहुतेक जण वाजवतात. आम्हीही त्यांना दोष देणार नाही, कारण प्रसंग रचलाच तसा आहे.

असले चित्रपट पाहू नयेत असे सांगणारे आपल्यात बरेच आहेत. आम्हाला ते मान्य नाही. त्याला उत्तर चित्रपटानेच द्यावे लागते, आणि फ्रान्समध्ये ते वर्षभरात दिले गेले. रशीद बुशारेब यांचा 'आँदिजेन' २००६ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी मुस्लिम सैनिकांची ही कथा. त्यात सामी नासेरी आहे, या खेपेला यासिर या नावाने. कान महोत्सवात त्याला आणि त्याच्या चार सहकलाकारांना अभिनयाचे पारितोषिक एकत्र मिळाले. त्याच वर्षी शिराक सरकारने वसाहतींतल्या जुन्या सैनिकांच्या, कित्येक वर्षे गोठवून ठेवलेल्या निवृत्तिवेतनात वाढ जाहीर केली. त्यांतले कित्येक तोवर कबरीत गेले होते.

आपल्याकडे कथानक शोधायला इतके लांब जायला नको. इद्रिस हसन लतीफ हैदराबादचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी विमान चालवले. फाळणीच्या वेळी पाकिस्तानच्या हवाई दलात येण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह मोडून ते येथेच राहिले. १९७८ ते १९८१ भारताचे हवाई दलप्रमुख, मग महाराष्ट्राचे राज्यपाल, आणि १९८५ मध्ये, मिराज ग्वाल्हेरला उतरली त्याच वर्षी, फ्रान्समध्ये भारताचे राजदूत. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यावरचा चित्रपट अजून आमच्या पाहण्यात नाही.